म्हशी फायनलला जाईपर्यंत

“हात लावायचा नाय, जुई! आधी हात धू!” बाळकाका ओरडला.

काउंटरवर निळी चिली बिन, म्हणजे थंड ठेवायची पेटी, होती, बर्फाने गच्च भरलेली, आणि तिच्यातून आमच्या जुन्या गिऱ्हाइकाने, वॉल्टने, नुकतीच एक काचेची बाटली बाहेर काढली होती. बाटलीत दूध. आता डेअरीत दूध ही काय बघायची गोष्ट आहे का? मागच्या चिलरमध्ये दुधाची रांगच्या रांग उभी असते, निळ्या झाकणाचं, हिरव्या झाकणाचं, बदामाचं, ओटचं. पण काका त्या एका बाटलीकडे असा बघत होता, जसं आई गणपतीत मूर्तीवरचा रुमाल काढताना बघते.

“वॉल्ट,” तो हळू आवाजात म्हणाला, “धिस इज... म्हैस?”

“म्हैस,” वॉल्ट म्हणाला. हा शब्द त्याला येतो. “खरी. ऑकलंडच्या पुढे कुणीतरी पाळल्यात. पेगीने विमानात मांडीवर घेऊन आणलंय.”

पेगी म्हणजे वॉल्टची मुलगी. ती त्याला न्यायला अमेरिकेतून आली होती. न्यायला म्हणजे कायमचं न्यायला. उद्या सकाळची फ्लाइट होती. वॉल्टचं घर रिकामं झालं होतं, त्याच्या टोमॅटोच्या कुंड्या आमच्या डेकवर आल्या होत्या, आणि त्याचा इथला शेवटचा सोमवार तो आमच्या दुकानात घालवणार, यात तर पेगीला काही बोलायचीसुद्धा सोय नव्हती.

(वॉल्ट अर्थातच इंग्रजीत बोलतो. मी इथे त्याला मराठीत लिहितेय, कारण काका म्हणतो की त्याला तो मराठीतच ऐकू येतो.)

“एवढी वर्षं ऐकतोय तुझ्याकडून, म्हशीचं दूध, म्हशीचं दूध,” वॉल्ट म्हणाला. “म्हटलं, जाण्याआधी एकदा तुझ्याबरोबर चहा घ्यावा. तुझ्या पद्धतीचा. तुझ्या दुधाचा.”

काकाने बाटली दोन्ही हातांनी घेतली. उजेडाकडे धरली. हलवली. वर साय होती, अशी जाड, पिवळसर, की बाटली तिरकी केली तरी जागची हलेना.

“नाद खुळा,” काका पुटपुटला. मग त्याने बाटली चिलरमध्ये नेऊन ठेवली, सगळ्यात मागे, आणि परत येऊन म्हणाला, “मॅच झाल्यावर.”

आणि इथेच सगळा घोळ होता. कारण माझा काका गेली बारा वर्षं दुधाचा थेंब तोंडाला लावत नाही. आणि का लावत नाही, हे जगात फक्त तिघांना माहीत होतं : काकाला, मला आणि जोतिबाला.

*

बाळकाका म्हणजे माझ्या बाबांचा चुलतभाऊ. कोल्हापूरजवळच्या वडणग्याचा. घरी म्हशी, दारात म्हशी, आणि दिवाळीच्या पाडव्याला शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून मोटरसायकलमागे पळवायच्या त्याही म्हशीच. काकाची चंद्री म्हणे अख्ख्या गावात भारी पळायची. काका इथे ख्राइस्टचर्चला शिकायला आला, हॉटेलचा डिप्लोमा करायला. सहा महिन्यांत ते कॉलेजच बंद पडलं. आणि तेव्हा त्याला इथल्या हॉर्नबी उपनगरात एका काचेवर पाटी दिसली : डेअरीत मदतनीस पाहिजे.

न्यूझीलंडमध्ये डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. पाव, पेपर, लॉली म्हणजे गोळ्या, आईस ब्लॉक म्हणजे बर्फाच्या कांड्या, पाय म्हणजे खिमा भरलेली पेस्ट्री. हे आम्हाला माहीत. वडणग्याच्या माणसाला कुठून माहीत असणार? काका मुलाखतीला गमबूट घालून गेला. खरंच! गुडघ्यापर्यंतचे! आणि दुकानाचे मालक सुरेशभाई त्याला म्हणाले, “अनुभव?” तर हा म्हणाला, “लहानपणापासून धारा काढतो.”

सुरेशभाई एवढे हसले की त्यांनी त्याला जागच्या जागी कामावर घेतलं. आता ते ऑकलंडला पापाटोएटोला राहतात आणि फोनवर अजूनही पहिला प्रश्न विचारतात, “बालू, गमबूट क्यां छे?”, म्हणजे कुठे आहेत. दुकान काकाच बघतो. तो राहतो आमच्या मागच्या स्लीपआउटमध्ये, म्हणजे अंगणातल्या सुट्या खोलीत, जेवतो आमच्याकडे, आणि मला मराठी आलं ते त्याच्यामुळे. मी लहान असताना सगळ्यांसारखी इंग्रजीतच उत्तरं द्यायचे. पण सुट्टीत दुकानात बसायला लागले आणि एक दिवस घरी येऊन मोठ्याने म्हणाले, “आई, मी आलो!”

माझी आई, मृणालिनी, पुण्याची आहे. तिने पोळपाट बाजूला ठेवला. “आले! मी आले! तू मुलगी आहेस ना?”

“काकाकडच्या मुलींपण आलो म्हणतात.”

“भावजी!” आईने खिडकीतून हाक मारली. “शिकवायचंच तर निदान व्याकरण शिकवा हो!”

“वहिनी, आली न्हवं पोरगी घरला? मग झालं की!” काका म्हणाला.

तर ते असो. वॉल्ट. वॉल्ट अमेरिकेतल्या बफेलो नावाच्या गावचा. अंटार्क्टिकाला जाणारी अमेरिकन विमानं इथूनच उडतात, त्यांचा तो मेकॅनिक होता. दोन वर्षांसाठी आला, इथल्या मार्जरीच्या प्रेमात पडला आणि राहिला, ती गेल्यावरही. काका नवीन होता तेव्हा एका थंडगार सकाळी वॉल्ट ब्रेड घ्यायला आला. डोक्यावर टोपी, टोपीवर शिंगं खाली करून उधळलेलं निळं जनावर आणि खाली लिहिलेलं : बफेलो बिल्स.

घर सोडून सहा महिने झालेले. गाईचं पांचट दूध पिऊन जीव कंटाळलेला. काकाला ती टोपी बघून काय झालं असेल, विचार करा.

“सर,” त्याने विचारलं, “तुमच्या म्हशी कुठं असतात?”

“बफेलोला,” वॉल्ट म्हणाला.

“किती हायेत?”

“त्रेपन्न.”

काकाने ब्रेड खाली ठेवला. त्रेपन्न! “दूध चांगलं देतात?”

वॉल्टला वाटलं, हा चेष्टा करतोय. तो म्हणाला, “दूध कसलं? नुसतं रडवतात.”

“शर्यतीला पळवता का?”

“पळतात खूप. पोचत नाहीत.”

“खुराक कमी पडत असंल,” काका कळवळून म्हणाला. “सरकी घालून बघा.”

अर्धा तास हे चाललं होतं म्हणे. मागे लाइन लागली. शेवटी वॉल्टने टोपी काढून समजावलं की ही अमेरिकन फुटबॉलची टीम आहे. शिवाय ती म्हैस नाहीच, तिकडे बफेलो म्हणतात तो एक प्रकारचा गवा. आणि टीमचं नाव तर त्या गव्यावरूनही नाही, जुन्या काळच्या एका घोडेस्वारावरून पडलंय. काका जरा हिरमुसला. मग म्हणाला, “गवा म्हणजे म्हशीचा मामेभाऊच की. आमच्या राधानगरीला हायेत.” आणि त्याच दिवसापासून बिल्स ही काकाची टीम झाली. पाहुण्यांतली निघाली ना!

*

मागच्या वर्षी शाळेत भाषणाच्या स्पर्धेत मी बिल्सचा इतिहास सांगितला. त्याआधी मी वर्गात हात वर करायलाही घाबरायचे, खोटं नाही सांगत. पण गोष्टच अशी आहे की सांगताना आवाज आपोआप वाढतो. ऐका.

साठ साली टीम सुरू झाली. चौसष्ट-पासष्ट, लागोपाठ दोन वर्षं त्यांच्या लीगमध्ये चॅम्पियन. पण सुपर बोल, म्हणजे सगळ्यात मोठी फायनल, तेव्हा अजून सुरूच झाली नव्हती! नेमकी नंतर सुरू झाली. मग नव्वदच्या सुमारास ते लागोपाठ चार वर्षं त्या फायनलला गेले. चार! असं दुसऱ्या कुठल्याही टीमला कधी जमलेलं नाही. आणि चारही हरले. असंही कुणाला जमलेलं नाही. मधल्या एका वर्षी, बाद फेरीच्या पहिल्याच सामन्यात, पस्तीस-तीनने मागे होते, मुख्य खेळाडू जखमी, लोक स्टेडियममधून घरी निघालेले, आणि तिथून जिंकले! निघालेले लोक कुंपणावरून परत आत आले म्हणे. मग पुढे सतरा वर्षं साधी बाद फेरीसुद्धा नाही. तरी बर्फ पडला की गावातले लोक फावडी घेऊन जातात आणि स्टेडियम मोकळं करतात. हरणाऱ्या टीमसाठी!

माझा दुसरा नंबर आला. वॉल्ट म्हणाला, “बिल्सबद्दल बोलून पहिला कसा येईल?”

पण माझा त्यातला आवडता भाग वेगळा आहे, आणि तो काकाचाही आवडता आहे.

झालं असं होतं की काकाचं लग्न ठरत होतं. मुलगी कागलची. फोटो आला, फोनवर बोलणं झालं, काका स्वतःशीच गाणी म्हणायला लागला. आणि मग मुलीच्या वडिलांनी व्हिडिओ कॉल केला. मध्यस्थाने सांगितलेलं, मुलाची न्यूझीलंडला डेअरी आहे. वडिलांनी विचारलं, “जनावरं किती?”

काका खरं बोलणारा माणूस. “एकबी न्हाई.”

“मग दूध?”

“टेम्पोनं येतं.”

पलीकडून फोन कट झाला. लग्न मोडलं. फसवलं म्हणाले. वडणग्याला कळलं, सगळीकडे हसू झालं. काका दुकानात यायचा, पण काउंटरच्या पुढे यायचा नाही. मागच्या खोलीत खोकी लावत बसायचा.

तेव्हा वॉल्टने त्याला खोक्यावर बसून पहिल्या फायनलची गोष्ट सांगितली. आठ सेकंद उरलेली, बिल्स एका पॉइंटने मागे, आणि एका माणसाने चेंडूला लाथ मारून दोन खांबांमधून घालवायचा. बस्स. चेंडू खांबाच्या उजवीकडून गेला. वॉल्ट तेव्हा इथेच होता. त्याच्या भावाने तिकडे फोनचा रिसीव्हर टीव्हीसमोर धरला होता, आणि वॉल्टला नुसता आवाज ऐकू आला होता. म्हणजे आधी आवाज, आणि मग आवाज नाही.

“मग?” काकाने विचारलं.

“मग दुसऱ्या दिवशी टीम गावी आली. चौकात हजारो लोक जमले होते. भर थंडीत. आणि तो लाथ मारणारा मागे लपून उभा होता. तर लोकांनी काय केलं?”

“मारला?”

“त्याच्या नावाने ओरडायला लागले. तो हवा, तो हवा, म्हणून. तो पुढे येईपर्यंत थांबलेच नाहीत. आला. रडत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.”

काकाने हातातलं खोकं खाली ठेवलं, असं वॉल्ट सांगतो. मग म्हणाला, “हरून आलेल्याला हाक मारतात तुमच्यात?”

त्या दिवशी वॉल्ट गेल्यावर काकाने नवस बोलला. जोतिबाला, दुकानातल्या कॅलेंडरसमोर उभं राहून. म्हशी फायनलला जाईपर्यंत दूध तोंडाला लावणार नाही. जिंकायचं नाही, नुसतं जायचं. “देवालाबी झेपंल असंच मागावं,” तो मला म्हणाला. त्याला वाटलं, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. वॉल्टनेच सांगितलं होतं, “हे वर्ष आपलं!” बफेलोत हे वाक्य ‘गुड मॉर्निंग’सारखं वापरतात, हे काकाला कुठे ठाऊक होतं?

दही-ताक चालतं, कारण त्यांचं नाव घ्यायला तो विसरला. बाकी काळा चहा. लोकांना सांगायला ॲसिडिटी. आई बिचारी इतकी वर्षं म्हणतेय, “भावजी, ॲसिडिटीवर थंड दूध घ्या हो.” आणि वॉल्टला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ज्याच्यासाठी नवस त्याला सांगायचा नसतो, असं काका म्हणतो.

आता तुम्हाला कळलं ना, ‘मॅच झाल्यावर’ म्हणजे काय ते? तो सोमवार होता दोन हजार पंचवीसचा, सत्तावीस जानेवारी; अमेरिकेत अजून रविवार, मॅचचा दिवस. कॅन्सस सिटीशी सामना. जो जिंकेल तो फायनलला.

*

साडेबाराला मॅच सुरू झाली. बाहेर कडकडीत ऊन, दार सताड उघडं, आणि चिलरच्या वरच्या टीव्हीवर कॅन्सस सिटीची थंडी. वॉल्ट दुधाच्या क्रेटवर बसला, पेगी खुर्चीवर, मी काउंटरवर चढून, जंडल्स, म्हणजे रबरी चपला, खाली टाकून. काका गिऱ्हाईक बघत होता, म्हणजे एक डोळा गिऱ्हाइकावर आणि एक वर. एका माणसाला त्याने पायऐवजी मेणबत्त्या दिल्या.

“किआ ओरा बाल, स्कोअर काय?” असा माओरी नमस्कार घालून प्रत्येक जण विचारत होता. आमच्या गल्लीतल्या सगळ्यांना बिल्स माहीत आहेत. त्यांना वाटतं ही भारतातली टीम आहे.

हाफटाइमला आपण मागे. वॉल्ट म्हणाला, “ठीक आहे. मागे असलो की आपल्याला सुचतं.” आणि खरंच! तिसऱ्या क्वार्टरमध्ये आपण एका पॉइंटने पुढे! मी काउंटरवरून उडी मारली. टोग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घातलेल्या दोन मुली आईस ब्लॉक घ्यायला आल्या होत्या, त्याही उड्या मारायला लागल्या, का ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

“चांगभलं!” काका गरजला.

“चँग-बलाय!” वॉल्ट क्रेटवरून.

“पेगी, तूपण म्हण!” मी म्हटलं.

“मी काय म्हणतेय पण?”

“चांगलं होऊ दे, भलं होऊ दे. आमच्यातलं गो बिल्स!”

मग चौथा क्वार्टर. या खेळात दहा यार्ड जायला चार संधी मिळतात. तीन संपल्या होत्या, आणि हवं होतं फक्त एक यार्ड. एक! आमच्या काउंटरची रुंदी! आपल्या माणसाने चेंडू पोटाशी धरून गर्दीत मुसंडी मारली, वर दहा-बारा जण पडले, ढीग झाला. पोचला की नाही, कुणालाच दिसेना. पंच म्हणाले, नाही पोचला.

“पोचला होता!” वॉल्ट ओरडला.

“पोचलावता की! ह्यो पंच कुठला?” काका ओरडला. “चष्मा द्या रं त्याला कुणीतरी!”

त्यांनी पॉइंट मिळवले. आपण परत बरोबरी केली. एकोणतीस-एकोणतीस. आणि तेव्हा काका माझ्याजवळ आला आणि एकदम हळू, गिऱ्हाइकाला सुट्टे देता देता म्हणाला, “पोरी, पातेलं घासून ठेव.”

“काका!”

“नुसतं घासून ठेव म्हटलं. आन् आलं किस थोडं.”

मी मागच्या खोलीत पळाले. पातेलं इतकं घासलं की त्यात माझं तोंड दिसायला लागलं. आलं किसताना बोट किसलं. परत आले तर सगळे गप्प. तीन पॉइंटनी मागे. शेवटची साडेतीन मिनिटं.

मला वाटत होतं, होणार. मी पंधरा वर्षांची आहे आणि मला बऱ्याच गोष्टी होणार असंच वाटतं. शेवटच्या संधीला समोरचे दोघं धावून अंगावर आले, आपल्या माणसाने मागे पडता पडता चेंडू उंच भिरकावला, आणि आपला दुसरा गडी त्याच्याखाली धावत गेला, झेपावला, चेंडू त्याच्या हाताला लागला...

आणि खाली पडला.

आईस ब्लॉकवाली एक मुलगी म्हणाली, “म्हणजे आपण जिंकलो?”

“नाही गं,” मी म्हटलं.

वॉल्टने टोपी काढली, तिच्या आत बघितलं, जसं काही आत काहीतरी लिहिलंय, आणि परत घातली. दर वर्षी तो या वेळी म्हणतो, पुढचं वर्ष आपलं. या वेळी नाही म्हणाला. पेगीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “डॅड, निघायला हवं. बॅगा बांधायच्यात.”

“बाल कुठाय?” वॉल्ट म्हणाला.

काका काउंटरच्या मागे नव्हता. मागच्या खोलीचं दार ओढून घेतलेलं, आणि आतून खोकी सरकवल्याचा आवाज येत होता.

वॉल्टने ओळखलं. तो ते दार ओळखतो. तो क्रेटवरून उठला, काठी टेकत काउंटरपाशी आला आणि काउंटरवर मूठ आपटली. “वी वॉन्ट बाल!”

मी लगेच सुरू झाले. “वी वॉन्ट बाल!” मग त्या दोन मुली, आईस ब्लॉक हवेत नाचवत. मग पेगी. मग पेपर घ्यायला आलेले एक आजोबा. “वी वॉन्ट बाल! वी वॉन्ट बाल!” लॉलींच्या बरण्या खुळखुळायला लागल्या.

दार उघडलं. काका बाहेर आला. डोळे लाल.

“काय दंगा लावलाय?” तो म्हणाला. “कांदा चिरत होतो.”

“कांदा?” मी म्हटलं. “डेअरीत?”

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकाने मान खाली घातली, मग चिलरकडे गेला आणि बाटली काढली.

*

चहा त्याने मन लावून केला. मागच्या खोलीतल्या छोट्या शेगडीवर, आलं, वेलची, आणि ते दूध. वास दुकानभर पसरला. त्या मुलींना साखर घालून नुसतं गरम दूध दिलं, त्यांना पांढऱ्या मिशा आल्या. मला कप दिला. मी आयुष्यात पहिल्यांदा म्हशीचं दूध पीत होते आणि मला आधी वाटलं, चहात कुणी आईस्क्रीम घातलंय की काय! काका इतकी वर्षं कशाबद्दल बोलत होता ते मला त्या एका घोटात कळलं.

“काका,” मी त्याच्या कानात म्हटलं, “विरजण लाव ना उरलेल्याला. दही चालतं तुला.”

“एवढ्या लांबनं दूध आलं,” तो म्हणाला, “आन् मी पळवाट काढू व्हय?”

त्याने वॉल्टसमोर दुधाचा चहा ठेवला, पेगीसमोर ठेवला, आणि स्वतःसाठी काळा ओतून घेतला.

वॉल्टने ते बघितलं. “बाल. आज तरी. तुझ्यासाठी आणलंय ते.”

“ॲसिडिटी,” काका म्हणाला.

वॉल्टने मान हलवली. पण त्याचा चेहरा! एक्याऐंशी वर्षांचा माणूस, आणि वाढदिवसाला दिलेलं गिफ्ट कुणी न उघडताच बाजूला ठेवल्यावर मुलांचा होतो तसा चेहरा. काकाने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं.

“सांग तू. माझं इंग्लिश तिथवर जात न्हाई.”

आता नवस इंग्रजीत कसा सांगायचा? मी म्हटलं, प्रॉमिस. पेगी म्हणाली, कुणाला? मी म्हटलं, देवाला. ती म्हणाली, म्हणजे देवाशी पैज? मी म्हटलं, नाही नाही, पैजेत आपल्याला काहीतरी मिळतं. यात दुसऱ्याला मिळावं म्हणून आपण सोडायचं. सगळ्यात आवडतं असेल ते. आणि मग मी सगळं सांगितलं. कागल, कॅलेंडर, जोतिबा, बिल्स फायनलला जाईपर्यंत. भाषणाच्या वेळी माझा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला होता. इथे तो काउंटरच्या पलीकडे जाताना अडखळत होता.

“बारा वर्षं?” वॉल्ट म्हणाला.

“पण काकाला आवडतो काळा चहा,” मी उगाच म्हटलं.

“अजिबात नाय आवडत,” काका म्हणाला. “औषध लागतंय.”

“आणि नुसतं फायनलला जाईपर्यंत? जिंकायचं का नाही मागितलंस?”

काकाने इंग्रजी जुळवलं. “गॉड ऑल्सो... हॅज हीप्स ऑफ वर्क.”

वॉल्ट हसायला लागला. एवढा हसला की खोकला आला, पेगीने पाठ चोळली, तरी हसतच होता. मग डोळे पुसले, आपला दुधाचा कप उचलला आणि पेगीसमोर सरकवला, तिच्या कपाशेजारी.

“मला काळा दे,” तो म्हणाला.

“अगा नको की! तुला काय बांधलंय?”

“टीम माझी आहे, बाल.”

काका बघत राहिला. मग त्याने दुसरा कप धुतला, पुसला, काळा चहा ओतला. वॉल्टने घोट घेतला आणि तोंड असं वाकडं केलं की त्या दोन्ही मुली खिदळल्या.

“भयंकर आहे हे,” तो म्हणाला. “रोज पितोस?”

“तीन टायम.”

“जाऊ दे. फायनलला गेले की एकदमच घालू दूध. तू इकडे, मी तिकडे. फोन चालू ठेव.”

“चालू ठिवतो,” काका म्हणाला. “टीव्हीसमोर धरतो.”

पेगी दुसरीकडे बघायला लागली. दोघं एकमेकांसमोर उभे राहून, तोंडं वाकडी करत, चहा शेवटपर्यंत प्यायले.

गाडी निघाली तेव्हा वॉल्टने काच खाली केली, टोपी बाहेर काढून हलवली. “चँग-बलाय!” तो कोपऱ्यापर्यंत ओरडत होता. काका फुटपाथवर उभा राहून “गो बिल्स! गो बिल्स!” ओरडत होता. समोरच्या घरातल्या बाईने खिडकीतून हात हलवला. गाडी वळली.

आम्ही आत आलो. काकाने टीव्ही बंद केला, क्रेट जागेवर ठेवला, मेणबत्त्या परत करायला आलेल्या माणसाला पाय दिला. मग मागे गेला. मी कप घेऊन मागोमाग गेले.

दुधाचं पातेलं रिकामं झालं होतं, पण तळाला आणि कडेला साय चिकटली होती, करपट, सोनेरी. काकाने पातेलं उचललं आणि नाकाशी धरलं. डोळे मिटले. वासाला नवसाची आडकाठी नव्हती. तो कुठे होता, कोल्हापूरच्या गंगावेशीत दूधकट्ट्यावर होता की चंद्रीच्या गोठ्यात, मला माहीत नाही. मी कप आवाज न करता खाली ठेवले.

“ए जुई,” तो म्हणाला, डोळे मिटलेलेच. “चमचा आण.”

“काका?”

“तुला गं. खरवड असते ती. वाया नाय घालवायची.”

मी चमचा आणला. त्याने पातेलं माझ्या हातात दिलं आणि मी खाईपर्यंत समोर उभा राहिला.

“कसं लागतंय?” त्याने विचारलं.

“लई भारी,” मी म्हटलं.

“मग!” काका म्हणाला, आणि बाहेर घंटी वाजली म्हणून दुकानात गेला.